शेंगा फोडणी यंत्राचा उत्पादन खर्च : अंदाजपत्रकाच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्याकडे एक अश्वशक्तीच्या मोटरवर चालणाऱ्या भुईमूग शेंगा फोडणी यंत्राच्या ४० नगांची चौकशी आली आहे. खरेदीदार ही एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे. रेखाचित्रे तयार आहेत, नमुना यंत्र अद्याप झालेले नाही आणि दरपत्रक फेब्रुवारीअखेर द्यायचे आहे.

कारखान्याची आजवरची पद्धत सरळ आहे. लोखंडाचे एकूण वजन काढायचे, त्याला किलोमागे फॅब्रिकेशनचा एक ठरलेला दर लावायचा आणि बाहेरून आणायच्या वस्तू वर मिळवायच्या. शेड, जिने, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड अशा कामांना हा हिशेब पुरतो, कारण त्यांत एका किलोमागे लागणारे कापणे, जोडणे आणि घासणे जवळपास सारखेच असते. या यंत्रात मात्र अँगलच्या, म्हणजे काटकोनी लोखंडी पट्टीच्या, सांगाड्याशेजारी फिरता ड्रम आहे, चाळणी आहे, ड्रम फिरवणारा दांडा म्हणजे शाफ्ट आहे आणि शेंगा ओतायचे पत्र्याचे हॉपर आहे. प्रत्येकाच्या एका किलोमागचे श्रम वेगळे आहेत. म्हणून ओळीओळीने मांडलेले स्प्रेडशीट तयार करायचे ठरले. जुन्या पद्धतीचा आकडा पडताळणीसाठी शेवटी काढला जाईल.

११ जानेवारी

आधीच्या एका कामासाठी, पंपांच्या बेसफ्रेमसाठी, केलेली फाइल हाताशी होती. तीच पुढे वाढवावी असा विचार होता, परंतु ती तपासताना एक दोष आढळला. साहित्याचे नाव दिल्यावर मीटरमागचे वजन शोधून आणण्यासाठी तिच्यात व्हीलुकअप हे सूत्र वापरले आहे आणि त्याचा चौथा घटक दिलेलाच नाही. तो दिला नसला की सूत्र तंतोतंत जुळणी न पाहता जवळची जुळणी शोधते, आणि त्यासाठी यादी अनुक्रमाने लावलेली असावी लागते. ही यादी तशी नाही. परिणामी ५० × ५० × ६ अँगलसमोर ४० × ४० × ५ अँगलचे वजन येत होते, म्हणजे मीटरला ४.५ किलोऐवजी ३.० किलो. सेलमध्ये चूक दाखवणारी कोणतीही खूण नव्हती, आकडा दिसायला नेटका होता आणि बेरीजही बिनबोभाट होत होती. असा दोष डोळ्यांना दिसत नाही, एखादी ओळ हाताने गुणून पाहिली तरच सापडतो.

त्यामुळे फाइल नव्याने बांधली. साहित्य, दर, वेळ, विकत घ्यायच्या वस्तू आणि गोषवारा असे पाच तक्ते केले. रेखाचित्रावरून मोजता येणारी गोष्ट, म्हणजे लांबी, वजन, क्षेत्रफळ आणि नग, एका बाजूला ठेवली. कोणीतरी सांगितलेली गोष्ट, म्हणजे दर, दुसऱ्या बाजूला. पहिली रेखाचित्र बदलल्याखेरीज बदलत नाही, दुसरी बाजार उघडला की बदलते. दोन्ही एकाच सेलमध्ये गुणून ठेवल्या की सहा महिन्यांनी कोणता आकडा जुना झाला हे सांगता येत नाही.

दरांच्या तक्त्यात प्रत्येक दरासमोर तारीख, तो कोणाकडून आला आणि तो गोदामातला आहे की पोच, हे तीन कॉलम सक्तीचे केले. पोच आणि गोदामदर यांच्यातल्या फरकात भाडे, हमाली आणि वजनकाट्याचा खर्च येतो. फोनवर दर सांगणारा यातले काहीच आपण होऊन बोलत नाही, विचारावे लागते. पोलादावरचा १८ टक्के जीएसटी दरात मिळवलेला नाही, कारण कारखाना नोंदणीकृत असल्याने त्याचे क्रेडिट मिळते. तो पैसा काही काळ अडकतो, हे मात्र पुढे भांडवलाच्या ओळीत पाहावे लागेल.

१६ जानेवारी

आजचा पूर्ण दिवस सांगाड्यात गेला, आणि तो वाया गेला असे वाटत नाही.

एका यंत्राला अँगलचे असे तुकडे लागतात : ८५० मि.मी.चे चार पाय, ११०० मि.मी.च्या चार लांब पट्ट्या, ४८० मि.मी.चे सहा आडवे आणि मोटरखाली ६२० मि.मी.चे दोन. एकूण लांबी ११.९२ मीटर होते. बाजारात अँगलची लेंथ, म्हणजे अखंड पट्टी, ६ मीटरची मिळते, म्हणजे दोन लेंथमध्ये काम बसायला हवे, आणि कागदावर ते बसते. प्रत्येक प्रकारचे निम्मे तुकडे एका लेंथमधून काढले की ५९६० मि.मी. जातात, करवतीचे आठ काप प्रत्येकी ३ मि.मी.चे धरले तर आणखी २४ मि.मी. जातात आणि १६ मि.मी. शिल्लक राहतात.

हे सोळा मिलिमीटर प्रत्यक्षात नाहीत. लेंथची टोके मिलमध्ये शिअरवर, म्हणजे कातरयंत्रावर, तुटलेली असतात, ती कधी वाकलेली तर कधी तिरकी असतात, आणि पहिला तुकडा काटकोनात घ्यायचा तर दहा-पंधरा मिलिमीटर छाटावेच लागतात. दोन्ही टोके छाटली की शेवटचा ४८०चा तुकडा अपुरा पडतो. मग प्रत्येक लेंथमागे एक याप्रमाणे ४० यंत्रांना ८० आडवे तुकडे कमी पडतील, आणि एका जादा लेंथमधून बारा निघतात या हिशेबाने सात लेंथ वाढीव आणाव्या लागतील. त्यांचे १२६ किलो ६० रुपयांच्या दराने ७,५६० रुपयांचे होतात, म्हणजे यंत्रामागे १८९ रुपये. शिवाय अर्ध्या मीटरच्या आतबाहेरचे ८० तुकडे भंगारात उभे राहतील.

डिझायनरना विचारले की आडवा तुकडा ४८०ऐवजी ४७० केला तर काय बिघडते. त्यांनी ड्रमच्या बाजूची मोकळी जागा तपासून होकार दिला. आता लेंथमागे ४६ मि.मी. शिल्लक राहतात आणि टोके छाटूनही काम निभते. साहित्याचा तक्ता नुसत्या लांबीच्या बेरजेने भरला असता तर हा प्रश्न पुढे आलाच नसता. म्हणून लेंथची संख्या काढणाऱ्या ओळीत टोकांच्या छाटणीसाठी स्वतंत्र सेल ठेवला आहे.

जाता जाता : गोदामातील काही लेंथ काट्यावर ठेवून पाहिल्या. कोष्टकाप्रमाणे लेंथचे वजन १८ किलो यायला हवे, ते सरासरी १७.३ किलोच्या आसपास आले. माल वजनाने विकत घेतला जातो आणि लांबीने वापरला जातो, तेव्हा हलक्या लेंथमध्ये कारखान्याचे पैसे वाचतात, पण जाडीही त्या प्रमाणात कमी मिळते. खर्चात कोष्टकातलेच वजन कायम ठेवले आणि जाडीची गोष्ट डिझायनरच्या कानावर घातली.

१९ जानेवारी

हॉपर, झाकण आणि बाहेर पडण्याची घसरण यांना १.६ मि.मी. पत्रा लागतो. २५०० × १२५० चा एक पूर्ण पत्रा ३९.२५ किलोचा असतो आणि ६६ रुपये दराने २,५९० रुपये होतात. सर्व भाग त्यात बसवल्यावर सुमारे ८० टक्के पत्रा वापरला जातो. उरलेल्या २० टक्क्यांना जोपर्यंत दुसऱ्या एखाद्या ओळीत निश्चित काम नाही, तोपर्यंत संपूर्ण पत्रा याच यंत्राच्या नावे लिहायचा. भंगाराची वजावटही जेवढे भंगार खरोखर विकले जाते तेवढ्याचीच घ्यायची.

२५ जानेवारी

वेळेचा तासाचा दर ठरवला. कारखान्यात कुशल फॅब्रिकेटरला महिना १८,००० रुपये मिळतात. २६ दिवस आणि ८ तास धरून २०८ तासांनी भागले की तासाला साडेशहाऐंशी रुपये येतात, आणि बहुतेक लहान कारखान्यांत हाच आकडा हिशेबाला घेतला जातो.

तो पुरेसा का नाही हे फाइलमध्येच मांडून ठेवले आहे. भविष्य निर्वाह निधीत मालकाचा हिस्सा, विम्याचा हप्ता व प्रशासकीय आकार मिळून १५,००० रुपयांच्या मर्यादेवर १३ टक्के, म्हणजे १,९५० रुपये. राज्य विमा योजनेचे ३.२५ टक्के, म्हणजे ५८५. बोनस ८.३३ टक्क्यांनी १,४९९, जो हा कारखाना पूर्ण वेतनावर देतो. उपदानाची (ग्रॅच्युइटीची) तरतूद ४.८१ टक्क्यांनी ८६६. सर्व मिळून महिना २२,९०० आणि वर्ष २,७४,८००. सुट्ट्या आणि रजा वजा जाता माणूस वर्षाला सुमारे २,२०० तास कामावर असतो. त्यातला पाऊण वेळच एखाद्या ठराविक कामाच्या नावे लिहिता येतो, उरलेला साहित्य शोधण्यात, क्रेनची वाट पाहण्यात, साफसफाईत आणि वीज गेल्यावर जातो. १,६५० तासांनी भागले की तासाला १६७ रुपये येतात, म्हणजे पहिल्या आकड्याच्या जवळपास दुप्पट. वेल्डिंगच्या कामासाठी यात तार, गॅस, वीज, घसारा आणि जागेचा वाटा मिळवून २४० रुपये धरले, लेथसाठी, म्हणजे कातकामाच्या यंत्रासाठी, २६०.

पाऊण वेळेचा हा आकडा मालकांना खटकला. त्यांच्या मते माणसे दिवसभर राबतात. राबतात हे खरेच आहे. प्रश्न त्यांच्या कष्टांचा नसून ते कष्ट कोणत्या कामाच्या खात्यावर टाकायचे एवढाच आहे. शेवटी सेल खुला ठेवला आणि त्यांना ०.७५च्या जागी ०.९ घालून पाहायला सांगितले. दर १३९ वर आला. तेवढ्याने कोटेशन किती उतरते आणि ते तास प्रत्यक्षात न मिळाल्यास तोटा कोणाच्या खिशातून जातो, हे समोर दिसल्यावर ०.७५ कायम राहिले.

२ फेब्रुवारी

शाफ्ट. रेखाचित्रात ईएन-८ या प्रतीच्या पोलादाचा ३२ मि.मी.चा काळा (गरम लाटलेला) बार घेऊन तो ३० मि.मी.पर्यंत कातायचा आहे, लांबी ७६० मि.मी. गोल बारचे मीटरमागचे वजन व्यासाच्या वर्गाला १६२ने भागून मिळते, त्याप्रमाणे ६.३२ किलो. टोकांसह ७८० मि.मी. घेतले तर ४.९३ किलो आणि ७४ रुपये दराने ३६५ रुपये.

कातण्याचा वेळ आधी सूत्राने काढला. कापण्याचा वेग मिनिटाला ४० मीटर धरला तर शाफ्टचे मिनिटाला ३९८ फेरे येतात. या लेथवर त्याच्या जवळचा टप्पा ३६०चा आहे. फीड, म्हणजे एका फेऱ्यात टूल पुढे सरकते ते अंतर, ०.२ मि.मी. असताना टूलची शाफ्टभर एक फेरी साडेदहा मिनिटांची, म्हणजे दोन फेऱ्यांना २१ मिनिटे. मग टर्नर मामांसोबत उभे राहून तशाच एका जुन्या शाफ्टच्या कामाची वेळ घड्याळाने घेतली. ती ४८ मिनिटे भरली. जॉब बांधणे, फेसिंग (टोके सपाट करणे), टोकाला सेंटरचे छिद्र पाडणे, उलटा करून पुन्हा बांधणे, बेअरिंगच्या जागेवर मायक्रोमीटर दोन-तीनदा लावणे, या कशाचाही सूत्रात उल्लेख नाही. मामांनी स्क्रीनवरचा आकडा पाहून एवढेच म्हटले, "टूल लोखंडाला लागलंय तेवढाच टाइम धरलाय न्हवं साहेब तुम्ही. बाकीचं कुणी करायचं?" सूत्र काढून टाकलेले नाही. त्यावरून वेगाचा टप्पा किंवा फीड बदलल्यास काय होईल ते कळते. खर्चात मात्र घड्याळाचा वेळ जातो.

याच चर्चेतून दुसरा मार्ग निघाला. बेअरिंग यूसीपी २०६ प्रकारची आहेत, ती शाफ्टवर ग्रब स्क्रूने, म्हणजे बिनडोक्याच्या बारीक स्क्रूने, आवळून बसतात आणि या वेगाला ३० मि.मी.च्या ब्राइट बारची, म्हणजे गुळगुळीत आणि मापातच मिळणाऱ्या बारची, मापातली थोडी कमीजास्ती त्यांना चालते. ब्राइट बार किलोला ८४ रुपये, म्हणजे दहा रुपयांनी महाग. पण तो ३० मि.मी.चाच असल्याने मीटरला ५.५६ किलो भरतो आणि ७८० मि.मी.चे ३६४ रुपये होतात. किलोमागे महाग असलेले साहित्य नगामागे त्याच किमतीला पडते आणि जवळपास संपूर्ण कातकाम वाचते. उरते ते फेसिंग आणि चावीचे गाळे (पुली घट्ट बसवण्याच्या खाचा), त्यांचे १५० रुपये. रेखाचित्र त्याप्रमाणे बदलून घेतले.

९ फेब्रुवारी

ड्रमच्या दोन चकत्या वेल्डिंगच्या जोडकामाने कराव्यात की ओतीव घ्याव्यात, यावर मतभेद होता. कोल्हापुरात फौंड्री, म्हणजे ओतकामाचे कारखाने, हाकेच्या अंतरावर आहेत, त्यामुळे कास्टिंगचा विचार येथे आपसूकच होतो.

जोडकामाची चकती : ८ मि.मी. प्लेट २०३ रुपये, लेझर कापणी ४५, बॉससाठी (शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या जाड भागासाठी) ६० मि.मी.चा बार ६९, बॉस कातणे ६५, वेल्डिंग ४८ आणि वेल्डिंगनंतर ड्रमच्या अक्षाशी जुळवून पुन्हा कातणे ८७. एकूण ५१७ रुपये.

ओतीव चकती : ३.२ किलो, किलोला ९५ रुपये दराने ३०४, आणि कातणे ८७. यात नाकारल्या जाणाऱ्या नगांचा हिशेब बारकाईने करावा लागतो. कातताना ब्लो होल, म्हणजे ओतताना आत राहिलेली पोकळी, निघाले तर फौंड्री कास्टिंग बदलून देते, पण तोवर झालेल्या कातकामाचे पैसे कोणी देत नाही. म्हणून पाच टक्के नुकसान संपूर्ण किमतीवर न लावता फक्त ८७ रुपयांवर लावले. ते सुमारे ५ रुपये होते आणि चकती ३९६ला पडते.

चकतीमागे १२१ आणि यंत्रामागे २४२ रुपये वाचतात. पॅटर्नचा, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात त्या नमुन्याचा, खर्च १६,००० रुपये आहे, तो ६७ यंत्रांवर भरून निघतो. मागणी ४०ची आहे, त्यामुळे या खेपेला जोडकामाचीच चकती. गोषवाऱ्यात यंत्रांची संख्या हा एकच सेल ठेवला असून पॅटर्न, फिक्श्चर (जोडताना भाग जागेवर धरणारी चौकट) आणि मशीन लावण्याचा वेळ त्याने भागले जातात. ४०च्या जागी १०० टाकले की तक्ता आपोआप ओतीव चकती निवडतो. खरेदीदाराने पुढच्या हंगामाची मागणी आताच लेखी दिली तर हा निर्णय फिरवता येईल, हे मालकांना सांगितले आहे.

१२ फेब्रुवारी

उरलेल्या ओळी भरल्या. पावडर कोटिंग चौरस फुटावर आकारले जाते. पत्र्याच्या दोन्ही बाजू ५४ आणि सांगाडा २० असे ७४ चौरस फूट, १४ रुपये दराने १,०३६. मोटर ६,४००, बेअरिंग ८४०, पुल्या व बेल्ट १,१५०, स्टार्टर व केबल ९००, नटबोल्ट ४५०. चाळणी आणि ड्रमचे उरलेले साहित्य १,१८०, पत्र्याची लेझर कापणी व बेंडिंग १,४५०, जोडणी व जुळणीचे ११ तास २,६४०.

एका यंत्राची बेरीज २२,३४४ रुपये झाली. त्यातील ९,७४०, म्हणजे सुमारे ४४ टक्के, विकत घ्यायच्या वस्तूंचे आहेत. कारखान्यात ज्या गोष्टींवर दिवसभर वाद होतात त्या उरलेल्या भागात आहेत, आणि मोटरच्या दरासाठी मात्र आतापर्यंत एकाच विक्रेत्याला फोन झाला होता. आणखी दोघांकडून लेखी दर मागवले.

जुन्या पद्धतीने पडताळा घेतला. १०५ किलो लोखंड, किलोला ११५ रुपये आणि वर विकतच्या वस्तू, मिळून २१,८१५. फरक अडीच टक्क्यांच्या आत आहे. मालकांचा अनुभवाचा दर पोकळ नाही, हे नमूद करणे न्याय्य होईल. मात्र ब्राइट बार, ४७०चा तुकडा किंवा १०० यंत्रांवरची ओतीव चकती यांचा परिणाम त्या एका दरात कुठेच दिसत नाही.

२१ फेब्रुवारी

एकच आकडा देण्याऐवजी तो किती इकडेतिकडे होऊ शकतो, याचा कॉलम जोडला. सर्व ओळींची कमाल एकदम धरली तर अंदाज अवास्तव फुगतो, कारण सगळेच एकाच वेळी महाग होत नाही. म्हणून प्रत्येक ओळीच्या फरकाचा वर्ग करून, बेरीज घेऊन तिचे वर्गमूळ काढण्याची रीत आहे. तिला अट एवढीच की त्या ओळी एकमेकींपासून स्वतंत्र असाव्यात. अँगल, पत्रा, प्लेट आणि बार या ओळी तशा नाहीत. पोलादाचा भाव चढला की चारही एकत्र चढतात. ८ टक्के फरक धरून त्या सुट्या घेतल्या तर २९० रुपये येतात, एकत्र धरल्या तर ५४७. दुसरा आकडा खरा मानला. त्यात श्रमांच्या तासांचे २५ टक्के, म्हणजे ६६०, विकतच्या वस्तूंचे ३९० आणि इतर १५० या रीतीने मिळवल्यावर यंत्रामागे सुमारे ९५० रुपयांची कमीजास्ती निघते. सर्वांत मोठा वाटा जोडणीच्या तासांचा आहे. नमुना यंत्र झाल्याशिवाय तो कमी करण्याचा कोणताही मार्ग स्प्रेडशीटमध्ये नाही.

२६ फेब्रुवारी

फिक्श्चरचे २२,००० रुपये संपूर्णपणे याच मागणीवर टाकले, यंत्रामागे ५५०. भांडवल ६० दिवस अडकेल असे धरून ११ टक्के व्याजाने ४०४ रुपये. सूक्ष्म व लघु उद्योगांना कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, आणि असे पैसे उशिरा देणाऱ्या खरेदीदाराची करातली वजावट लांबवणारे आयकरातील ४३बी (एच) हे कलमही एप्रिल २०२४पासून लागू होणार होते, त्यामुळे मालकांना ४५च धरावेत असे वाटत होते. पण साहित्याचे पैसे यंत्र तयार होण्याच्या कितीतरी आधी जातात, खरेदीदाराची मुदत त्यानंतर सुरू होते. म्हणून ६०.

एकूण खर्च २३,२९८. नफा विक्री किमतीच्या १५ टक्के हवा असल्याने खर्चाला ०.८५ने भागले, २७,४०९ आले. खर्चाला १.१५ने गुणले असते तर २६,७९३ आले असते, आणि ४० यंत्रांवर सुमारे २४,७०० रुपयांचा फरक पडला असता. दोन्ही सूत्रे तोंडी "पंधरा टक्के" अशीच सांगितली जातात, त्यामुळे गोषवाऱ्यात सेलशेजारी शब्दांत लिहून ठेवले आहे.

२८ फेब्रुवारी

मोटरचे इतर दोन दर आले. एक आधीच्या दरापेक्षा थोडा कमी, दुसरा थोडा जास्त, पण त्यात पोच खर्च धरलेला. हिशेबात ६,४०० कायम ठेवले.

दरपत्रक २७,४०० रुपये अधिक जीएसटी, माल कारखान्यातून उचलण्याच्या अटीवर, १५ दिवसांच्या मुदतीसाठी पाठवले. पोलादाचा आधारदर आणि त्याची तारीख त्यात छापली असून तो पाच टक्क्यांहून अधिक हलल्यास तेवढ्या भागापुरती किंमत बदलेल, अशी अट घातली आहे. पाठवलेल्या दिवशीची फाइल कुलूपबंद प्रत म्हणून वेगळी ठेवली. चालू प्रतीत प्रत्येक ओळीशेजारी "प्रत्यक्ष" हा कॉलम रिकामा उघडला आहे. नमुना यंत्राच्या जोडणीचे तास भरण्याची जबाबदारी फोरमनकडे दिली असून ते त्याच दिवशी संध्याकाळी लिहायचे, आठवड्याने आठवून लिहायचे नाहीत, असे ठरले आहे.